आनंदबागेतला शेवटचा गाळा

रिकाम्या गाळ्यात सगळ्यात आधी काय भरतं, माहितीय? माल नाही. किस्से! शटरला रंग लागायच्या आधीच येऊन बसतात, आणि एकदा बसले की उठायचं नाव नाही. आमच्या ऑफिसात तर इतके साठलेत की कोणी पाहुणा आला की आधी चहा सांगायचा की किस्सा, हाच प्रश्न पडतो.

तर आधी ऑफिस कशाचं ते सांगते. वसमतच्या बाहेर भाऊंचं हळदीचं रान होतं. भाऊ म्हणजे दत्तराव, आमचे मालक, हळदीचे व्यापारी. त्या रानात त्यांनी अख्खं नवं नगर वसवायला काढलं. आनंदबाग! सरळ रस्ते, बंगले, बगीचा आणि मधोमध चौकात दुकानांचे गाळे. ऑफिसात बाई मी एकटी. माझा हुद्दा विचारू नका. फोन घेणं, प्लॉट दाखवणं, चहा सांगणं आणि गरज पडली की भाऊंवर ओरडणं, एवढं माझ्याकडे आहे. नाव सुनंदा.

आणि नकाशा काढायला पुण्याहून आल्या केतकी मॅडम. पोरगी वयानं लहान, पण बोलायला खमकी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "गाळा जो मागेल त्याला द्यायचा नाही. लोकांना कोणतं दुकान लागतं ते आधी ठरवायचं, मग दुकानदार निवडायचा. मुलाखत घेऊन!"

आता आमच्याकडे गाळा मेहुण्याला देतात. मुलाखत हा प्रकार भाऊंना फार आवडला. त्यांनी स्वतःचा एकच प्रश्न तयार केला आणि तो प्रत्येकाला विचारला. "दुकानात तुमी स्वतः बसणार का?" कारण आमच्या भागात लोक गाळा घेतात, कुलूप घालतात आणि पोराच्या लग्नात सांगतात, 'पोराच्या नावावर गाळा हाय.'

सगळं ठीक चाललं होतं. फक्त एक अडचण होती. वहिनी!

* * *

झालं असं. जाहिरातीच्या कागदावर भाऊंनी मोठ्या अक्षरात छापून घेतलं, 'आम्ही स्वतः इथेच राहतो!' बंगला बांधला, झोपाळा टांगला, तुळस लावली. आणि भाऊंची बायको, म्हणजे आमच्या कमलवहिनी, म्हणाल्या, "मी न्हाई येत."

"काहून?" भाऊंनी विचारलं.

"मला पाहिजे ते दुकान लागलं की येते."

"कोणतं दुकान?"

"लागलं की कळंल तुमाला."

झालं! वसमतमध्ये ही बातमी पसरायला किती वेळ लागतो? ज्यांनी आनंदबागेत घरं घेतली होती, तेही कुलूप लावून बसले. कोणालाही फोन केला की एकच उत्तर, "ताई, भाऊची मालकीण येऊ द्या, मग आमी येतो. तिला काहीतरी माहीत असंल ना!"

आता तुम्हीच सांगा, याला मी काय बोलणार?

भाऊंनी यावर उपाय काढला. रोज दिवेलागणीला ते बंगल्यावर जायचे, सगळ्या खोल्यांतले दिवे लावायचे, टीव्ही मोठ्यानं लावायचे, झोपाळ्यावर जरा बसायचे, मग दिवे तसेच ठेवून हळूच जुन्या घरी जेवायला जायचे. लोकांना वाटावं, भाऊ इथंच राहतात!

एक दिवस दूधवाला मला म्हणाला, "ताई, भाऊच्या बंगल्यात उजेड लई हाय. पण कुकरची शिट्टी कशी काय वाजंना?"

मी भाऊंना सांगितलं. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "शिट्टी मलाबी वाजवता येईल, पण तोंडानं वाजवलेली बराबर वाटणार न्हाई."

* * *

वहिनींना कोणतं दुकान पाहिजे हे भाऊंना कळत नव्हतं, पण मला त्या नकाशाच्या मीटिंगचा थोडा संशय होता. त्या दिवशी केतकी मॅडमनं दुकानं वाचून दाखवली. किराणा, मेडिकल, सलून, बांगड्या, पुस्तकं, गिरणी, पाळीव प्राणी. वहिनी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या होत्या, कोपऱ्यात बसून ऐकत होत्या.

भाऊंनी लाल पेन उचललं. "बांगड्या नको, बाजारात मिळतात. पुस्तकं नको, वाचतं कोण? गिरणी तर बिलकूल नको. आवाज, पीठ, बायांची गर्दी! आता पाकिटातलं पीठ मिळतंय की!"

केतकी मॅडम म्हणाली, "भाऊ, पण मी इथल्या बायकांना विचारलंय..."

"बायकांचं काय विचारायचं!"

वहिनींनी लाडवांचा डबा उचलला आणि घरी गेल्या. आम्हाला एकही लाडू मिळाला नाही. हे असं पहिल्यांदाच झालं.

आणि गंमत बघा, पाळीव प्राण्यांचं दुकान मात्र भाऊंनी ठेवलं! म्हणाले, "हे पुण्याला असतंय ना? मग असू द्या."

* * *

त्या दुकानासाठी पुसेगावहून सखारामबापू आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी आणि मागे दोन शेळ्या, एक बोकड. सगळे थेट ऑफिसात!

मी ओरडले, "बापू, जनावरं बाहेर!"

"माल हाय ना ताई. माल बघितल्याबिगर गाळा कसा देताल?"

केतकी मॅडमनं शांतपणे समजावलं, "काका, पाळीव प्राणी म्हणजे कुत्री, मांजरं, शोभेचे मासे..."

बापूंना खरोखर वाईट वाटलं. "कुत्रं इकत घेतंय का कोणी? सांजच्याला दारात भाकर टाका, चार येतेत. मांजर तर भाकरबी मागत न्हाई, आपलंच घर समजते!"

"आणि मासे?"

"मासे पाळायचे? मग खायचे कधी?"

भाऊंनी आपला प्रश्न विचारला, "दुकानात तुमी स्वतः बसणार का?"

"बसणार की! पण हे बी माझ्यासंगं बसतील. ह्यांना एकटं ठेवत न्हाई मी."

या सगळ्यात टेबलावरच्या मॉडेलकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मॅडमनं रात्रंदिवस खपून आनंदबागेचं छोटं मॉडेल केलं होतं. बंगले, झाडं, हिरवागार बगीचा. एका शेळीनं पुढचे पाय टेबलावर ठेवले, अख्खा बगीचा तोंडात घेतला, चावला, आणि थुंकून टाकला.

मॅडम रडायच्या बेतात. बापूंनी शेळीला खाली ओढलं आणि मॅडमची समजूत काढली, "वाईट वाटून घेऊ नको पोरी. हिला घरचा कडबाबी आवडत न्हाई."

* * *

किराण्यासाठी बरेच जण आले होते. भाऊ मला म्हणाले, "सुनंदा, तू गिऱ्हाईक होऊन जा अन् बघ, कोण कसा इकतो."

त्यातल्या माधवरावांच्या बाजारातल्या दुकानात मी गेले. "तूरडाळ द्या."

"हाय. पण घेऊ नका ताई, या टायमाची शिजून नाही राहिली."

"मग चहापत्ती द्या."

"डबा उघडा राहिला होता. वास उडला."

"पापड?"

"पापड बरे हायत. पण तुमचा हात चांगला हाय म्हणतेत, घरी काहून करीत न्हाई?"

मी चिडले. "मग तुमच्या दुकानातून नेऊ तरी काय?"

त्यांनी खूप विचार केला. "तीळ न्या. तीळ चांगले हायत."

मी भर उन्हाळ्यात तीळ घेऊन आले. भाऊ एकदम खूश! "हाच माणूस पाहिजे! असा इमानदार मिळायचा न्हाई!" गाळा माधवरावांना मिळाला.

पुढच्याच आठवड्यात वहिनी चौकात आल्या. सगळी दुकानं बघितली. माधवरावांना विचारलं, "काय हो, इथं राहायला येऊ का?"

माधवराव गल्ल्यावरून उठले, चष्मा काढला आणि म्हणाले, "सध्या येऊ नका वहिनी. चांगलं झालं की मी सांगतो."

भाऊ संध्याकाळपर्यंत येरझाऱ्या घालत होते. "माझ्याच गाळ्यात बसून! माझ्याच बायकोला!"

* * *

सलूनचा किस्सा तर वसमतभर फिरला. नकाशात लिहिलं होतं, स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच सलून. उत्तमनं गाळा घेतला, त्याची बायको बायकांचं बघायची. दुकानात स्वतः बसायला उत्तमनं होकार दिला, पण बाया-पुरुषांच्या मधे एवढ्याशा गाळ्यात भिंत कशी घालायची? त्यानं पडदा लावला. फुलाफुलांचा.

एक दिवस भाऊ दाढीला बसले. गालाला फेस लागला की भाऊंना मन मोकळं करायची सवय.

"काय सांगू उत्तम. सगळे म्हणतेत आनंदबाग चांगली हाय. पण हिचं काय बिनसलं ते कळंना. इथं एकट्यानं दिवे लावतो ना, तर घर खायला उठतंय बघ. तिच्याबिगर नगर काय अन् बाग काय. पण ती सांगंल तर शपथ! या बाईच्या डोक्यात काय हाय ते..."

पडद्यामागून वहिनींचा आवाज आला, "लाल पेनानं काय काय खोडलं ते आठवा!"

उत्तमचा वस्तरा हवेत थांबला. भाऊ खुर्चीतून उठले. अर्धी दाढी झालेली, तसेच धावत ऑफिसात आले. "सुनंदा! मी काय खोडलं होतं?"

"बांगड्या, पुस्तकं..."

"बास! बांगड्या! बाईमाणसाला दुसरं काय पाहिजे?"

"भाऊ, अजून एक..."

पण ऐकतो कोण! पंधरवड्याच्या आत बांगड्यांचं दुकान लागलं. वहिनी आल्या, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या, "छान हायत," म्हणाल्या आणि जुन्या घरी निघून गेल्या. भाऊंनी पुस्तकांचं दुकान लावलं. वहिनींनी रांगोळीचं पुस्तक घेतलं. आणि जुन्या घरी निघून गेल्या!

मी सांगायला तोंड उघडलं की भाऊ म्हणायचे, "थांब, मला इचार करू दे." म्हटलं, करा विचार. माझं काय जातंय!

* * *

उरलेल्या दुकानांचं उद्घाटन भाऊंनी एकाच मुहूर्तावर ठेवलं. ही मोठी चूक झाली. कारण उद्घाटन झालं की भवानी लागते. पहिलं गिऱ्हाईक, पहिली विक्री. ती झाल्याशिवाय दुकानदार पाणीसुद्धा पीत नाही. आणि नगरात राहायला तर कोणीच नाही! वरून सगळ्यांचा एकच हट्ट, "भाऊ, भवानी तुमच्याच हातची पाहिजे. तुमचा हात चांगला हाय."

भाऊ निघाले. मी पिशव्या घेऊन मागे. हार्डवेअरमधून बिजागरी घेतली. कापडाच्या दुकानातून परकराचं कापड घेतलं. मोबाइलच्या दुकानातून कव्हर घेतलं, ते भाऊंच्या मोबाइलला बसेना, तरी घेतलं.

मेडिकलमध्ये अडलं. मेडिकलवाला विचारतो, "काय होऊन राहिलं?"

"काहीच न्हाई."

"मग औषध कशाचं देऊ?"

"काहीबी दे रे!"

"असं काहीबी देता येत न्हाई भाऊ. कायदा हाय." तो बिचारा उपाशी, भाऊ ठणठणीत. शेवटी मी भाऊंच्या हातातली बिजागरी घेतली आणि दाखवली. "हिनं बोट कापलं समजा. पट्टी द्या!"

पट्टी घेतली. बाहेर पडताना पायरीवर भाऊंचा पाय घसरला आणि गुडघा फुटला. मेडिकलवाला दारातूनच हात जोडून म्हणाला, "बघा! भवानी खरी झाली!"

* * *

आणि ही भवानी बघूनच विठ्ठलराव आले. हे गृहस्थ मडकी, बांबू, पांढरं कापड, गवऱ्या विकतात. कळलं ना कशासाठी? शेवटच्या प्रवासाचं सामान!

भाऊ दचकले. "अहो, नगर नवं हाय आमचं!"

"नगर नवं हाय भाऊ. माणसं जुनीच राहणार ना?"

केतकी मॅडमनंही मान डोलावली. गरज खरी होती. पण गाळा द्यायचा कुठे? मेडिकलवाला म्हणाला, "माझ्या शेजारी न्हाई! औषध घेताना गिऱ्हाईक तिकडंच बघंल." माधवराव म्हणाले, "माझी हरकत न्हाई, पण त्यांचा माल माझ्यापेक्षा चांगला हाय." शेवटी टोकाचा गाळा विठ्ठलरावांना दिला. त्याच्या अलीकडचा गाळा मग कोणीच घेईना, तो रिकामाच राहिला.

"दुकानात तुमी स्वतः बसणार का?" भाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"बसणार. रातंदिस." विठ्ठलरावांनी हात जोडले. "फक्त एक इच्छा हाय भाऊ. माझी भवानी बी तुमच्याच हातची झाली पाहिजे!"

मी पटकन भाऊंना पाणी दिलं.

त्या दिवसापासून भाऊ चौकातून निघाले की विठ्ठलराव दुकानातून उठून उभे राहतात. अगदी प्रेमानं विचारतात, "भाऊ, तब्येत बरी हाय ना?"

"एकदम बरी हाय!" भाऊ ओरडतात.

"असू द्या, असू द्या," म्हणत विठ्ठलराव पुन्हा खाली बसतात.

* * *

आता शेवटचं. तो रिकामा गाळा द्यायचा म्हणून मुलाखती ठेवल्या होत्या. दुपार झाली, कोणी आलं नाही. भाऊ गुडघा चोळत बसले होते. अचानक म्हणाले, "सुनंदा, तिला माझ्यासंगं राहायचंच न्हाई, असं तर नसंल?" आवाज अगदी बारीक होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भाऊंची दया आली.

तेवढ्यात दार उघडलं. कमलवहिनी! इरकल नेसलेल्या, हातभर हिरव्या बांगड्या. सरळ येऊन उमेदवाराच्या खुर्चीत बसल्या.

भाऊ म्हणाले, "डबा आणला का?"

"डबा न्हाई. गाळा मागायला आले. घ्या मुलाखत."

भाऊ माझ्याकडे बघतात, मी मॅडमकडे बघते, मॅडम छताकडे बघते.

"कशाचं दुकान?" भाऊंनी कसंबसं विचारलं.

"गिरणीचं."

वहिनींचं माहेर शिरड शहापूर. त्यांच्या बापाची गिरणी होती हे अर्ध्या वसमतला माहीत. भाऊंना तर माहीतच, लग्नात सासऱ्यानं जावयाला पीठ लागलेल्या हातानंच मिठी मारली होती!

वहिनी बोलत होत्या, "लग्न होईस्तोवर बापाची गिरणी मी चालवली. पीठ हातावर घेतलं की कळायचं, दळायचा दगडी पाट कुठं घट्ट झाला ते. इथं आले अन् दळण गडी न्यायला लागला. मी काही बोलले न्हाई. पण तुमी अख्ख्या गावाची दुकानं निवडली. ज्याला त्याला विचारलं, 'तुमी बसणार का?' शेळ्यावाल्याला विचारलं! मला कोणी विचारलं का, कमल, तू कुठं बसणार?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला काय लाजायचं? मॅडमच्याही आलं.

भाऊंनी घसा साफ केला. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "पण आवाज... शेजारच्या दुकानाला तकलीफ..."

"शेजारी विठ्ठलराव हायत. त्यांच्या गिऱ्हाइकाला आवाजाची काय तकलीफ?"

भाऊंनी लाल पेन उचललं आणि खिडकीतून बाहेर फेकलं. मग खुर्चीत नीट बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला अहोजाहो करून विचारलं,

"दुकानात... तुमी स्वतः बसणार का?"

"बसणार," वहिनी म्हणाल्या. "गिरणी बसली की त्याच दिवशी सामान घेऊन येते."

आणि शब्दाला जागल्या! यंत्र बसलं त्या दिवशी टेम्पो आला. संध्याकाळी बंगल्यातून कुकरची शिट्टी वाजली. केतकी मॅडम फोनवर होती, बोलता बोलता उभी राहिली. रस्त्यावर दूधवाल्यानं गाडी थांबवली आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत तिथंच थांबला. त्यानं ही बातमी वसमतमध्ये कशी पोचवली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदबागेतल्या घरांची कुलपं उघडायला लागली, आणि गिरणीपुढे डब्यांची ही भली मोठी रांग!

भाऊ पांढरेशुभ्र कपडे घालून, डोक्यावर टोपी, हातात गव्हाचा डबा घेऊन ऐटीत आले. भवानी करायला! रांगेतल्या बाया बाजूला झाल्या.

वहिनींनी डब्यात हात घातला, मूठभर गहू वर काढले आणि बघितले. "निवडले का?"

"काय?"

"गहू. खडे हायत यात. माझ्या नव्या पाटात खडे न्हाई घालत मी. बसा तिथं पायरीवर अन् निवडून आणा." हातात सूप दिलं. "अन् नंतर रांगेत या."

एवढा मोठा हळदीचा व्यापारी, आनंदबागेचा मालक, भर चौकात गिरणीच्या पायरीवर मांडी घालून गहू निवडायला बसला. आणि तोंडावर आनंद तर असा की बायांना हसावं की काय करावं कळेना. वहिनी आतून मधूनच त्यांच्याकडे बघत होत्या आणि पदरानं कपाळाचं पीठ पुसत होत्या.

इतक्यात शेजारच्या गाळ्यातून विठ्ठलराव बाहेर आले. हात जोडले. अगदी प्रेमानं विचारलं,

"भाऊ, तब्येत बरी हाय ना?"

भाऊंनी सुपातून मानसुद्धा वर केली नाही.

"थांब रे बाबा! अजून माझं दळण व्हायचंय!"